गोवराचं टायटल

गांगुर्डे सिस्टरांनी माझा दंड पहिल्यांदा पकडला तो एका लग्नात. मी आहेराचं पाकीट घेऊन स्टेजच्या रांगेत उभा होतो. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक ठेंगण्या बाई कुठूनशा आल्या, त्यांनी माझी डावी बाही थेट खांद्यापर्यंत वर सारली, अंगठ्यानं कातडी ताणून पाहिली आणि मागच्या दहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बीसीजी आहे. व्रण बारीक आहे, पण आहे. धनुर्वाताचं कधी घेतलंस?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

"लग्नात जेवायला यायचं बरं आठवलं!"

माझी बाही तशीच वर ठेवून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. त्या लग्नाच्या फोटोत मी नवरानवरीशेजारी एक बाही चढवून उभा आहे. नवरदेवाला मारायला आल्यासारखा दिसतोस, असं बायको अजून म्हणते.

मी नाशिकरोडला, जेल रोडवर, रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवतो. लॅब म्हणजे काय, एक खोली, दोन खुर्च्या, एक फ्रीज आणि 'उपाशीपोटी या' अशी पाटी. साध्या तपासण्या मी करतो, मोठ्या मुंबईला पाठवतो. माझ्या नशिबानं म्हणा किंवा भोगानं म्हणा, सिस्टरांचं घर लॅबच्या मागच्याच गल्लीत निघालं. सरकारी नोकरीत तीस वर्षं गावोगाव फिरून लस टोचलेली ही नर्सबाई निवृत्त होऊन इथं राहायला आली होती. यजमान एकलहऱ्याला वीज केंद्रात होते, ते वारलेले. मूलबाळ नाही. बाईंना काम नव्हतं, आणि काम नसलेली नर्स शेजारी असणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्यांच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर लटकवलेलं होतं. सकाळी आणि संध्याकाळी त्या तापमान बघायच्या आणि कॅलेंडरवर लिहायच्या. फ्रीजचं दार दिवसातून दोनदाच उघडायचं, असा दंडक. एकदा शेजारच्या वहिनी विरजणाला दही मागायला आल्या, त्यांनी दार उघडलं आणि गप्पा मारत उभ्या राहिल्या, तर सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "दार लाव गं बये! मेली असतील सगळी!" वहिनी घाबरून दही न घेताच परतल्या. आत काय मेलं असेल हे विचारायचीही कुणाची छाती झाली नाही. आत दोन वांगी आणि अर्धा लिटर दूध होतं.

"दोन ते आठ" हा त्यांचा मंत्र. दोन ते आठ डिग्री, लस टिकायला लागते तेवढी थंडी. नळ दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी फ्रीज दाखवून "इथं दोन ते आठच पाहिजे" असं बजावलं, तर तो बिचारा दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला हजर झाला आणि आठपर्यंत काय करायचं म्हणून विचारू लागला. वाढदिवसाला बोलावलं तर त्या आईस्क्रीमच्या कपावर आधी बोट टेकवायच्या. "हे एकदा वितळून परत गोठवलंय," असं म्हणून कप यजमानीणबाईंच्या हातात परत. बोलावणी हळूहळू बंद झाली. मला वाटतं त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

पण खरा छळ सुरू झाला तो टायटरचा. लस घेतली की रक्तात त्या रोगाशी लढणारी अँटीबॉडी तयार होते, ती किती आहे हे मोजायची तपासणी असते, तिला टायटर म्हणतात. सिस्टर म्हणायच्या 'टायटल'. त्यांच्यामुळे अख्खी कॉलनी टायटल म्हणायला लागली. त्या ज्याला त्याला माझ्याकडे पिटाळायच्या. "जा, सुनीलकडून गोवराचं टायटल काढून आण. कावीळ बीचं पण काढ." समोरचा म्हणायचा, अहो सिस्टर, लहानपणी सगळ्या लसी झाल्यात. की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "टोचणं वेगळं, लागणं वेगळं. कार्डावर शिक्का म्हणजे लस लागली असं नाही."

लोक मला धरायचे. तूच त्यांना पढवलंस, धंदा वाढवायला, असं तोंडावर म्हणायचे. आईशप्पथ, माझा काही संबंध नव्हता. मला तर त्यांचा राग यायचा. धडधाकट माणसं सकाळी सकाळी येऊन विचारायची, "दादा, माझं टायटल गेलंय का बघा." जमिनीचं का रक्ताचं, तेही मला आधी विचारून घ्यावं लागायचं.

त्यात कॉलनीतल्या आहेर सरांचं प्रकरण झालं. सरांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. सिस्टरांनी फर्मान काढलं की बाळाला हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी टायटल काढायचं. सगळ्यांचं रक्त मुंबईला गेलं, रिपोर्ट आले. सरांच्या रिपोर्टवर लिहिलेलं, गोवर, पॉझिटिव्ह.

झालं! कोविडनंतर आपल्या लोकांना पॉझिटिव्ह या शब्दाचा एकच अर्थ माहीत. सरांची आई सटाण्याकडची, तिनं डोक्याला हात लावला, "मना पोऱ्याले गोवर शे!" सरांची रवानगी गच्चीवरच्या खोलीत. दारावर लिंबाचा डहाळा. जेवणाचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवून बायको दहा पावलं मागं उभी. दुसऱ्या दिवशी सरांनाच अंगावर खाज सुटली, आणि भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस आरशासमोर सदरा काढून पुरळ शोधत बसला. शेवटी सिस्टर गच्चीवर गेल्या. "अहो, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं! संरक्षण आहे म्हणजे! उतरा खाली!" सर उतरेनात. रजा मंजूर झाली होती म्हणे.

मी पोट धरधरून हसलो. त्या मात्र हसल्या नाहीत. जिना उतरताना मला म्हणाल्या, "हसू नकोस रे. ज्याचं निगेटिव्ह येतं ना, त्याच्या घरी कुणी डहाळा लावत नाही."

त्यानंतर महिन्याभरानं त्या एका तरुणाला दंडाला धरून लॅबमध्ये घेऊन आल्या. काशिनाथ भोये. एकलहऱ्याला राखेच्या कामावर कंत्राटी मजूर होता. मूळचा सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. सिस्टरांनी त्याला बाजारात आडनाव विचारून, मग गाव विचारून, मग आईचं नाव विचारून शोधून काढलं होतं. "याचं गोवराचं घे," म्हणाल्या. माझ्याकडून सुई घेऊन त्यांनी स्वतःच रक्त काढलं, आणि काढून झाल्यावरही बराच वेळ त्याच्या दंडावर कापूस दाबून बसून राहिल्या. तो बिचारा संकोचून गेला.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. सिस्टरांनी गल्लीभर पेढे वाटले. मला दोन दिले. काशिनाथ पेढा खाता खाता सहज म्हणाला, "गोवर तर मला झालता ना लहानपणी. आय सांगायची, लय ताप व्हता."

मी दुसरा पेढा तसाच टेबलावर ठेवला. कारण पॉझिटिव्ह म्हणजे अँटीबॉडी आहे एवढंच. ती लसीनं आली की गोवर होऊन गेल्यावर आली, हे ती तपासणी सांगत नाही. कुठल्याच लॅबची सांगत नाही. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या पुडा बांधत होत्या, जणू त्यांनी ऐकलंच नाही.

त्या दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. सिस्टर खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, यजमानांनासुद्धा नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा लागलेला. लसीचा डबा घेऊन जीपनं निघाल्या, जीप घाटात बंद पडली. त्या डबा खांद्याला लावून चालत निघाल्या. पाड्यावर पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. गोवराच्या दोन बाटल्या होत्या, हाताला कोमट लागल्या. आता बाटलीवर खूण असते, रंग बदलला की फेकायची. तेव्हा त्या बाटलीवर तसं काही नव्हतं, पण हाताला कळत होतं. आणि समोर नऊ बाया नऊ पोरं घेऊन सकाळपासून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता, सगळ्या दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जायच्या होत्या. मग पावसाळ्यापर्यंत कुणी परतणार नव्हतं.

"परत पाठवायला पाहिजे होतं," सिस्टर म्हणाल्या. "पण एवढ्या चालत आलेल्या बायांना काय तोंडानं सांगू, की लस वाया गेली? मला लाज वाटली रे. वाटलं, थोडी तरी जिवंत असेल. टोचली. नऊच्या नऊ जणांना. रजिस्टरला लिहिलं, दिली. बाया पाया पडल्या माझ्या."

मग त्यांनी कंबरेच्या बटव्यातून एक घडी घातलेला कागद काढला. नऊ नावं. काशिनाथच्या नावापुढं त्यांनी माझ्याच पेननं बरोबरची खूण केली.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. सिस्टर, या तपासणीतून तुम्हाला पाहिजे ते उत्तर मिळणार नाही, एवढंच वाक्य. पण त्यांचा चेहरा असा उजळलेला होता की माझी जीभ रेटेना. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. आणि मग पुढची वेळ येत राहिली आणि मी गप्प राहत गेलो. मी काही फार धीराचा माणूस नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल.

चार वर्षं त्या ही पोरं हुडकत होत्या. पोरं कसली, आता पंचविशीतली माणसं. एक पोरगी पिंपळगावला द्राक्षं भरायच्या कामावर सापडली, एक मालेगावात रिक्षा चालवणारा. कुठं कुठं जायच्या, काय काय बहाणे सांगायच्या. सरकारी मोहीम आहे म्हणायच्या, धडधडीत खोटं. पॉझिटिव्ह आलं की पेढे. रिक्षावाल्याचं निगेटिव्ह आलं, तेव्हा त्या दिवसभर एका जागी बसून होत्या, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "याला मी पंचवीस वर्षं उघडा ठेवला." दुसऱ्याच दिवशी जाऊन त्याला सरकारी दवाखान्यात लस दिली. आधी डब्यातला बर्फ स्वतः चाचपून पाहिला, तिथल्या नर्सशी भांडून.

सहा जण झाले. सातवं नाव होतं हिरा. काशिनाथनं पत्ता काढला, की हिराची आई यमुना घोटीला भाताच्या गिरणीवर कामाला आहे. सिस्टरांनी मला रविवारी सकाळी एसटीत बसवलं. माझ्या मांडीवर रक्ताच्या नळ्यांचा डबा. वाटेत त्यांनी तीनदा झाकण उघडून बर्फ बघितला. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हीच दार उघडताय." पहिल्यांदाच त्या मला उलटून बोलल्या नाहीत.

यमुनाबाई गिरणीच्या मागं सावलीत तांदूळ पाखडत बसल्या होत्या. वाळलेली, काळीसावळी बाई. सिस्टरांना बघून सूप खाली ठेवलं. "नरसबाई? वळखलंच नाय आधी. लय थकल्या तुमी." उठून गोणपाट अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मला वाटलं, चला, हेही काम झालं.

सिस्टरांनी विचारलं, "हिराला कुठं दिली गं?"

"हिरा?" यमुनाबाई म्हणाल्या. "हिरा नाय ऱ्हायली बाई. तवाच गेली, त्याच साली. द्राक्षाला गेलो ना आमी, म्हयन्याभरानं तिच्या अंगावर फोडांवानी आलं. गोवर उलटला म्हणले."

सिस्टरांचा हात तिच्या हातात तसाच होता. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात नेली होती ना?"

"नाय ना. मुकादम म्हणला, गोवर दिसतो, न्ये तिला. मी म्हणलं, ह्याट! गोवर कसा असंल? आमच्या बाईनं टोचलंय. उन्हाचं पुरळ हाय, बसंल. दोन दिस मळ्यातच ठिवली, वेलाच्या सावलीला. तिसऱ्या दिशी धापच लागली." तिनं हे सगळं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला आधी नीट कळलंच नाही ती काय सांगतेय. "माजंच चुकलं. येवढी येडी मी."

मी मनात म्हणत होतो, सिस्टर, आता काही बोलू नका. पंचवीस वर्षं झाली. पाणी प्यायलं, आता उठा.

सिस्टर म्हणाल्या, "तुझं नाही चुकलं, यमुना. ती लस खराब झाली होती. वाटेत बर्फ विरघळला होता. टोचली ती नुसती पाण्यासारखी होती."

यमुनाबाईंनी विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"तेव्हाच."

"टोचायच्या आदी?"

"हो."

यमुनाबाईंनी आपला हात काढून घेतला. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तवाच सांगायचं ना, बाई. मी न्हेली असती तिला."

सिस्टर उठल्या. चपला पायात सरकवल्या. "येते," असं काहीतरी पुटपुटल्या आणि तरातरा चालायला लागल्या. मागून यमुनाबाईंनी हाक मारली नाही.

स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. बारा वाजलेले, ऊन रणरणत होतं. माझ्या मांडीवर तो डबा, सगळ्या नळ्या रिकाम्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "सिस्टर, मलाही तुम्हाला एक सांगायचंय. पॉझिटिव्ह आलं तरी ते लसीमुळं की गोवर होऊन गेल्यामुळं, ते कळत नाही. काशिनाथच्या वेळेपासून मला माहीत होतं. मी बोललो नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "तीस वर्षं नर्स होते रे मी. मला काय माहीत नाही?"

"मग कशाला रक्त काढत होता सगळ्यांचं?"

"रक्त द्यायला आला म्हणजे आहे, एवढं तर कळायचं." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "नुसतं कसं जाऊन विचारणार, तुझं पोर जिवंत आहे का म्हणून? हातात काहीतरी निमित्त पाहिजे ना. सुई असली की बाई दारात घेते."

मला रडू आलं. मोठ्या माणसानं एसटी स्टँडवर रडणं काही शोभत नाही, पण आलं. त्या रडल्या नाहीत. नाशिकची गाडी लागली. मी डबा उचलला, दारापाशी गेलो, वळून पाहिलं तर त्या बाकावरून उठून उलट्या दिशेला निघालेल्या.

"सिस्टर, गाडी इकडं आहे!"

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी तिच्याकडं परत जाते."

"आता कशाला? ती काय बोलेल तुम्हाला, माहीत नाही."

"तेच तर. तिला बोलायचं असेल आणि मी पळून आले. पंचवीस वर्षं ती स्वतःलाच बोलत बसली. आता मला बोलू दे. पोटभर बोलू दे. मी समोर बसते."

पदर डोक्यावर घेऊन, भर उन्हात, त्या गिरणीच्या रस्त्याला लागल्या. मी काही गाडीत चढलो नाही. पुन्हा बाकावर येऊन बसलो. त्या दुपारी नाशिकच्या पाच गाड्या गेल्या, आणि त्या काही आल्या नाहीत.